लिंग वाढवायची तेलं, पंप, गोळ्या : मेडिकलच्या काउंटरवरून २२ वर्षं बघितलेलं सांगतो

काउंटरवाला_राजारामपुरी (धागाकर्ता) | सोमवार, रात्री १०.१०

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात राजारामपुरीत माझं मेडिकल आहे, २२ वर्षं झाली. हे लिहीन लिहीन म्हणत बरेच दिवस गेले, विषय असा आहे की हात आखडतो, पण परवा शनिवारी जे बघितलं त्यानंतर गप्प बसवत नाही.

रात्री साडेनऊ झाले होते, शटर अर्धं ओढलेलं. एक पोरगा, २३-२४ चा असेल, समोर गाडीवर बसून होता, आत पण येईना आणि जाईना पण. शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर आला आणि म्हणाला, काका भाजल्यावर लावायचं मलम द्या. कुठं भाजलंय, किती भाजलंय विचारलं तर मान खाली. मी म्हटलं बाळा न बघता न विचारता मी मलम देत नाही, चेहऱ्याचं वेगळं असतं हातापायाचं वेगळं असतं. तेव्हा खिशातनं रुमालात गुंडाळलेली एक बाटली काढून काउंटरवर ठेवली.

बोटाएवढी तपकिरी बाटली. सोनेरी लेबल, त्यावर उधळलेला घोडा, खाली "३० दिवसांत ३ इंच". मी सवयीनं बाटली फिरवून बघितली. लायसन्स नंबर नाही, बॅच नाही, कुठल्या गावात बनवलंय ते नाही, एक्सपायरी नाही. फक्त एक मोबाईल नंबर. बूच उघडल्यावर लवंगेचा आणि पाठदुखीच्या बामासारखा उग्र वास. नऊ दिवस लावत होता, वरून प्लास्टिकची पिशवी गुंडाळून झोपायचं असं फोनवरच्या माणसानं सांगितलेलं. चौथ्या दिवसापासून आग व्हायला लागली म्हणून यानं परत फोन केला, तर तो म्हणाला "जळजळतंय म्हणजे औषध काम करतंय, सोडू नका". नवव्या दिवशी कातडी सोलून निघाली, लघवीला बसलं की डोळ्यातनं पाणी. २८५० रुपये दिले होते त्यानं. पगार १४ हजार.

मी मलम दिलं नाही. साध्या गार पाण्यानं धू, काही लावू नकोस, सैल चड्डी घाल आणि सोमवारी सकाळी कातडीच्या डॉक्टरकडे जा म्हणून सांगितलं. लघवी अडली किंवा सूज वाढली तर रात्री-बेरात्री कधीही सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात जा, लाजू नकोस, असंही सांगितलं. गेला का नाही माहीत नाही, नंबर दिला नाही त्यानं.

आता मुद्द्याचं. कातडीवर तेल चोळून लिंग मोठं होत नाही, कुठल्याच तेलानं होत नाही. दंडासारखा फुगवता येईल असा स्नायू तिथं नसतोच. आत स्पंजासारख्या दोन लांब पोकळ्या असतात, त्यांच्याभोवती चिवट पांढरं वेष्टन असतं. उत्तेजना आली की त्या स्पंजात रक्त भरतं, वेष्टन ताणतं आणि ताठरपणा येतो. तेल त्या वेष्टनाच्या आसपास पण पोचत नाही, वरच्या कातडीतच राहतं. चोळल्यामुळं रक्त वरवर येतं, कातडी सुजते आणि माणसाला वाटतं फरक पडला. वाढ वयात येताना हार्मोनवर होते आणि साधारण १८-१९ पर्यंत थांबते, त्यानंतर चोळून, खाऊन, ओढून ती परत सुरू होत नाही.

कुणाला काही विचारायचं असेल तर इथं विचारा, खोटं नाव घेऊन विचारा, मला काही फरक पडत नाही. फक्त त्या मोबाईल नंबरवाल्यांना विचारू नका.

तालमीतला_गडी | सोमवार, रात्री १०.४४

काका लई बरं केलासा धागा काढलासा. आमच्या तालमीत बी ह्योच घोळ हाय. पोरं कुस्तीच्या हौद्यातनं निघाली की एकत्र आंघोळीला जात्यात, थंडीत पहाटं गार पाणी अंगावर घेतलं की सगळ्यांचंच आखडतंय, पण १७-१८ ची पोरं एकमेकाकडं बगून मनात घेत्यात. मागं एक चांगला पैलवान गडी हितनं असाच गेला, मोबाईलवर कायतरी बगून जिमवाल्याकडनं इंजेक्शनं घेतली, त्याला सांगितलं व्हतं की अंग बी वाढंल आणि ते बी वाढंल. अंग वाढलं पण खालच्या गोट्या बारीक झाल्या आणि आता लगीन हून तीन वर्सं झाली तरी मूल न्हाई. डॉक्टरनं तपासलं तर शुक्रजंतू जवळजवळ न्हाईतच. वस्ताद लई चिडल्यालं पण तवर येळ गेल्याली. ते इंजेक्शन कसलं असतंय काका? आणि त्यानं खरंच वाढतंय का?

काउंटरवाला_राजारामपुरी | सोमवार, रात्री ११.०२

ते टेस्टोस्टेरॉन, नाहीतर त्याचाच भाऊबंद. बाहेरनं हार्मोन घेतलं की मेंदूला वाटतं आता पुरेसं आहे, मग तो गोट्यांना काम करायचा निरोप पाठवायचं बंद करतो, म्हणून त्या आकसतात आणि शुक्रजंतू बनायचे थांबतात. मोठ्या माणसात लिंगाची लांबी त्यानं अजिबात वाढत नाही. तुमच्या मित्राला सांगा आशा सोडू नको, इंजेक्शन बंद केल्यावर बऱ्याच जणांचं काही महिन्यांनी परत येतं, पण स्वतःच्या मनानं काही न करता मूत्रविकार तज्ज्ञाकडे किंवा एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (हार्मोनच्या डॉक्टरकडे) जायला पाहिजे.

आणि गार पाण्याचं तुम्ही फार महत्त्वाचं बोललात. आखडलेलं किती दिसतं त्यावरनं ताठ झाल्यावर किती होईल ते कळत नाही. काहींचं आधीच मोठं दिसतं आणि थोडंच वाढतं, काहींचं लहान दिसतं आणि दुप्पट होतं. तालमीतल्या पोरांना एवढं जरी कुणी सांगितलं तरी निम्म्या बाटल्या विकल्या जायच्या नाहीत.

शिरोली_शिफ्टवाला | सोमवार, रात्री ११.३५

मी पंप घेतला होता, लिंगावर नळी बसवून आतली हवा ओढायचा, ऑनलाईन, १६९९ ला. बायकोला सांगितलं नाही. पुस्तिकेत लिहिलं होतं १० मिनिटं, मी पहिल्याच दिवशी अर्धा तास लावला कारण वाटलं जास्त लावलं तर जास्त फायदा. काढल्यावर खरंच मोठं दिसत होतं म्हणून मी खूश, पण तासाभरात परत होतं तेवढं झालं आणि कातडीवर सगळीकडं लाल-जांभळे बारीक ठिपके, एका बाजूला रक्ताचा फोड. दोन दिवस टोकाला काही जाणवतच नव्हतं, बधिर. त्या दोन दिवसांत माझी जी अवस्था झाली ती कुणाला सांगता येत नाही, मशीनवर उभा होतो आणि डोक्यात एकच की मी काय करून ठेवलं. नंतर बरं झालं देवाच्या कृपेनं. आज पहिल्यांदा कुणाला तरी सांगतोय.

युरो_करवीर | मंगळवार, सकाळी ७.२०

मी मूत्रविकार शल्यचिकित्सक आहे, कोल्हापुरातच प्रॅक्टिस करतो. शिरोलीवाले, तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत. ते ठिपके म्हणजे कातडीखालच्या बारीक केशवाहिन्या फुटल्या. पंप ही मुळात ताठरता न येणाऱ्या रुग्णांसाठीची वस्तू आहे, त्यासाठी ती आम्ही स्वतः देतो, पण त्यात दाब एका मर्यादेच्या वर जाऊ नये म्हणून व्हॉल्व्ह असतो आणि सोबतची रिंग, जी भरलेलं रक्त टिकवायला मुळाशी घालतात, ती ३० मिनिटांच्या वर ठेवायची नाही असं बजावून सांगतो. स्वस्त पंपात तो व्हॉल्व्ह नसतो. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असणाऱ्यानं तर विचारल्याशिवाय हातच लावू नये. आणि लांबीचं म्हणाल तर सहा महिने नियमानं पंप वापरून बघितलेल्या पुरुषांच्या अभ्यासात म्हणण्यासारखी वाढ मिळाली नाही. तुम्हाला तासभर जे मोठं दिसलं ते ओढलं गेलेलं रक्त आणि सूज.

आता ज्यावरनं हे सगळं सुरू होतं तो आकडा. २०१५ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी, ज्यांच्यात किंग्ज कॉलेज लंडनचे डेव्हिड व्हील होते, २० अभ्यासांतली १५,५२१ पुरुषांची मोजमापं एकत्र केली. ही मोजमापं आरोग्य कर्मचाऱ्यांनी घेतलेली, स्वतः सांगितलेली नव्हेत. ताठ अवस्थेत सरासरी लांबी १३.१२ सेंटिमीटर, घेर ११.६६ सेंटिमीटर. लांबी इंचात म्हटली तर सव्वापाचला थोडी कमी. आपल्याकडे केरळातल्या ३०१ पुरुषांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला, त्यातल्या ज्यांचं ताठ अवस्थेत मोजलं त्यांची सरासरी १३.०१. म्हणजे आपल्या लोकांचं लहान असतं ही जी समजूत पसरवलेली आहे तिला या आकड्यांत आधार नाही. आणि सरासरी म्हणजे पास व्हायचे मार्क नव्हेत, निम्मे लोक तिच्या खालीच असणार. ज्याला वैद्यकीय भाषेत खरोखर लहान म्हणतात ते मोठ्या माणसात ताणून साधारण साडेसात सेंटिमीटरच्या खाली. माझ्याकडे "लहान आहे" म्हणून आलेल्यांत असा माणूस वर्षानुवर्षांत एखादा, बाकी सगळे नॉर्मल. दुपारनंतर अजून लिहितो, ओपीडी आहे.

पन्हाळा_९० | मंगळवार, सकाळी ११.१५

डॉक्टर साहेबांबद्दल आदर आहे पण सगळंच खोटं म्हणणं पटत नाही. मी स्वतः हाताने ओढायचा व्यायाम, जो व्हिडिओत दाखवतात, तो पाच महिने केला आणि पट्टी लावून मोजलं तर अर्धा इंच फरक आहे. मग हे काय खोटं आहे का? आणि ते ट्रॅक्शनचं, म्हणजे बांधून ताणून ठेवायचं यंत्र तर परदेशात डॉक्टरच देतात असं वाचलंय.

युरो_करवीर | मंगळवार, दुपारी ३.४०

पन्हाळाकर, तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणणार नाही. पण दोन गोष्टी विचारतो. पट्टी कातडीला नुसती टेकवली का ओटीपोटाच्या हाडापर्यंत दाबली? आम्ही हाडापर्यंत दाबून मोजतो, कारण मुळाशी चरबीची गादी असते. या पाच महिन्यांत तुमचं वजन कमी झालंय का? पोट सुटलं की लिंगाचा मुळाकडचा भाग त्या गादीत बुडतो आणि वजन उतरलं की तो परत दिसायला लागतो. लांबी तेवढीच असते, दिसणारी वाढते.

त्या हाताच्या व्यायामाला कसलाही भरवशाचा पुरावा नाही आणि त्यानं इजा झालेले माझ्याकडे येतात. अर्धवट ताठ असताना जोरानं पिळून ओढलं की ते पांढरं वेष्टन आतल्या आत बारीक फाटतं. ते भरून येताना कठीण वण राहू शकतो, आणि वणाचा भाग ताणत नाही म्हणून ताठ झाल्यावर लिंग त्या बाजूला वाकतं. पेरोनीचा आजार म्हणतात त्याला. दुखतं, संबंध अवघड होतात, आणि वाईट याचं वाटतं की त्यात लांबी उलट कमी होते. एक २९ वर्षांचा शिक्षक अशानं माझ्याकडे आला होता, मोबाईलमधला व्हिडिओ दाखवत होता आणि विचारत होता की डॉक्टर माझं काय चुकलं, मी तर सांगितलं तसंच केलं. पन्हाळाकर, तुम्हाला कुठं गाठ लागते का, दुखतं का, वाकलंय का, एवढं तपासून घ्या आणि ते थांबवा.

ट्रॅक्शनचं यंत्र मुख्यतः या पेरोनीच्या रुग्णांसाठी वापरतात. लांबीसाठीचे जे छोटे अभ्यास झाले त्यात रोज चार ते सहा तास, चार ते सहा महिने बांधून ठेवल्यावर सेंटी-दोन सेंटीची वाढ दिसली, जाडीत काही नाही. अनेकांनी मधेच सोडलं. रोजचे चार-सहा तास म्हणजे काय, हे नोकरी करणाऱ्या माणसानं एकदा बसून मोजावं. शिवाय बाजारातल्या नकली यंत्रानं कातडी कापलेली, बधिरपणा आलेला बघितलाय.

आणखी एक, जे सगळ्यात भयंकर. कुणी इंजेक्शननं जाड करून देतो म्हटलं तर त्या खोलीतनं उठून बाहेर या. पेट्रोलियम जेली, पॅराफिन, सिलिकॉन, खोबरेल तेल, काय वाट्टेल ते टोचतात. हा प्रकार आजचा नाही, १८९९ साली व्हिएन्नात रॉबर्ट गेर्सुनी नावाच्या सर्जननं व्हॅसलीन टोचून बघितलं होतं, आणि पुढच्या काही वर्षांतच जगभर त्याचे दुष्परिणाम दिसायला लागले. शरीराला ते पचत नाही, फेकताही येत नाही. मग भोवती दगडासारख्या गाठी होतात, कातडी काळी पडते, पू होतो, आणि शेवटी ती सगळी कातडी सोलून काढून मांडीची कातडी आणून लावावी लागते. आजकाल काही ठिकाणी हायलुरॉनिक ॲसिडचं फिलर, म्हणजे कातडीखाली टोचायचं जेल देतात, ते त्यामानानं बरं पण विरघळून जातं, गाठी आणि इन्फेक्शन त्यालाही आहेच, आणि लांबी त्यानं वाढत नाही.

गडहिंग्लजकर | मंगळवार, संध्याकाळी ६.०५

आमच्याकडं आठवड्याच्या बाजारात अजूनही एकजण चादर टाकून बसतो, पुढं सरड्यासारखा जनावराचा वाळका सांगाडा, गॅसवर छोटी कढई आणि सांड्याचं तेल म्हणून विकतो. भोवती माणसांचा गराडा. माझे वडील शेतकरी, ते लहानपणी मला हाताला धरून पुढं न्यायचे, थांबू द्यायचे नाहीत. नंतर मी वाचलं की तो सांडा हा काटेरी शेपटीचा, गवत खाणारा बिचारा प्राणी आहे, राजस्थान-कच्छच्या वाळवंटात बिळात राहतो, त्याचा पाठीचा कणा मोडून ठेवतात म्हणजे पळून जात नाही, आणि मग चरबी वितळवतात. त्या तेलात इतर प्राण्यांच्या चरबीत असतं त्यापेक्षा वेगळं काही नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली त्याला मारणं, विकणं गुन्हा आहे. एका मुक्या जनावराचा कणा मोडायचा आणि माणसाला त्यातनं काहीच मिळत नाही. मला हे वाचल्यावर रात्री झोप आली नव्हती.

मंगळवारपेठेची_सून | मंगळवार, रात्री ९.५०

बाईनं इथं लिहावं का नाही कळत नव्हतं पण लिहिते. आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली. मधे आठ-नऊ महिने हे माझ्याजवळच यायचे नाहीत, रात्री उशिरापर्यंत बाहेर बसायचे, मी झोपले की आत यायचे. मला वाटलं दुसरं कुणी असेल. आई गेल्यावरही रडले नव्हते इतकी मी त्या महिन्यांत रडले असेन. मग दिवाळीची झाडलोट करताना माळ्यावर जुन्या बॅगेमागं एक पंपाचा बॉक्स आणि तीन रिकाम्या बाटल्या सापडल्या. विचारल्यावर आधी चिडले मग लहान मुलासारखे रडले. मोबाईलवर घाणेरडे व्हिडिओ बघून त्यांना वाटायला लागलं होतं की आपण बायकोला सुख देऊ शकत नाही. अहो, मला कधी काही कमी वाटलंच नव्हतं. मला त्यांचं बोलणं हवं होतं, रविवारी रंकाळ्यावर भेळ खायला नेत होते ते हवं होतं. हे त्या बाटल्या विकणाऱ्याला कसं कळणार.

माझी एवढीच विनंती आहे की लग्न झालेल्यांनी आधी बायकोला विचारा. फोनवरच्या परक्या माणसाला एवढं सगळं सांगता मग घरातल्या माणसाला का नाही.

काउंटरवाला_राजारामपुरी | मंगळवार, रात्री १०.२०

ताई, तुम्ही लिहिलंत हे या धाग्याचं भाग्य. धन्यवाद.

गोळ्या आणि पावडरींचं राहिलं होतं. "आयुर्वेदिक", "हर्बल" लिहिलेल्या कित्येक शक्तीच्या गोळ्यांत छुप्यानं सिल्डेनाफिल घातलेलं सापडतं, म्हणजे तीच ती निळ्या गोळीतली औषधी. अमेरिकेची औषध प्रशासन संस्था अशा मालाबद्दल वर्षानुवर्षं इशारे देतेय. त्यानं लांबी वाढत नाही, पण ताठरपणा येतो म्हणून घेणाऱ्याला वाटतं जडीबुटीनं काम केलं. धोका कुठं आहे ते सांगतो. माझं एक जुनं गिऱ्हाईक, एसटीतनं रिटायर झालेले, ६३ वय, छातीत दुखतं म्हणून सॉर्बिट्रेट चालू. त्यांनी कुठल्यातरी जत्रेतनं असली पुडी आणली. हर्बल आहे म्हणून मला विचारलं पण नाही. रात्री पुडी घेतली आणि छातीत जरा धडधडलं म्हणून सवयीनं सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवली. ही दोन औषधं एकत्र आली की रक्तदाब धाडकन खाली येतो. बाथरूमच्या दारात पडले. मुलगा घरात होता, ताबडतोब दवाखान्यात नेलं म्हणून वाचले. पुडीवर काय लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका. हृदयाची गोळी चालू असणाऱ्या माणसानं शक्तीचं काहीही, अगदी काहीही, डॉक्टरला दाखवल्याशिवाय तोंडात घालू नये.

आणि कुठलीही गोळी घेऊन ताठरपणा चार तासांच्या वर राहिला तर ती मर्दानगी नव्हे, इमर्जन्सी आहे. आतलं रक्त अडकून स्पंज मरायला लागतो. सकाळची वाट बघायची नाही.

बावड्याचा_वकील | बुधवार, सकाळी ८.४५

कायद्याचं थोडक्यात. औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ चा आहे, त्याच्या कलम ३ प्रमाणे लैंगिक क्षमता वाढवून देतो अशी औषधाची जाहिरात करणंच गुन्हा आहे. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, परत केलं तर एक वर्षापर्यंत. शिवाय औषध नियम १९४५ मध्ये शेड्यूल जे म्हणून एक यादी आहे, कुठल्याही औषधानं जे बरं करतो असा दावा करायचाच नाही अशा गोष्टींची. त्यात लैंगिक अवयवाचा आकार सुधारणे हे स्पष्ट शब्दांत आहे. म्हणजे काउंटरवाल्या काकांनी जी "३० दिवसांत ३ इंच" ची बाटली सांगितली तिचं लेबल हाच गुन्ह्याचा पुरावा. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. अडचण एवढीच की तक्रार करायला पुढं कुणी येत नाही, लाज वाटते, आणि विकणारे त्याच लाजेवर जगतात.

नाव_नको_भावा | बुधवार, रात्री ११.५८

काका शनिवारचा तो मीच आहे. मित्रानं ही लिंक पाठवली त्याला माहीत नाही की मी आहे. वाचताना घाम फुटला पण कुणी मला हसलं नाही म्हणून लिहितोय.

तुळशीची लग्नं झाल्यावर माझी सुपारी फोडायची आहे. मुलगी कागलची, मला खूप आवडते. आणि तेच झालं, जसजशी तारीख जवळ यायला लागली तसं डोक्यात भरलं की आपलं लहान आहे आणि तिला नंतर कळणार. आंघोळ करताना रोज वरून बघायचो. रोज पट्टी लावायचो, कधी ४.९ इंच यायचं कधी ५.१, ४.९ आलं की तो दिवस कामात लक्ष लागायचं नाही. त्या फोनवाल्यानं मला विचारलं होतं किती आहे, मी सांगितल्यावर तो एकदम गप्प झाला आणि म्हणाला "सर तुमची केस सिरीयस आहे". ते वाक्य डोक्यातनं जाईना. म्हणून पैसे भरले.

आता तो परत फोन करतोय. म्हणतोय कोर्स अर्धवट सोडला तर नस आकसेल, अजून ६५०० चा दुसरा डोस घ्या, नाहीतर तुमची माहिती आहे आमच्याकडे, घरी पार्सल पाठवतो. घरी आई असते. मी आज दवाखान्यात पण गेलो नाही, सोमवारी गेलो होतो पण बाकड्यावर ओळखीच्या काकू दिसल्या म्हणून परत आलो. लघवी होतेय पण दुखतंय.

बावड्याचा_वकील | गुरुवार, सकाळी ६.३०

भावा सगळ्यात आधी एक रुपया पण देऊ नकोस. ही सरळसरळ धमकी देऊन पैसे काढणं आहे, गुन्हा त्यानं केलाय, तू नाही. आलेले कॉल आणि मेसेज यांचे स्क्रीनशॉट काढून ठेव, काही डिलीट करू नकोस, मग नंबर ब्लॉक कर. १९३० हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे तिथं तक्रार नोंदव. पोलीस ठाण्यात जायचं असेल तर मी सोबत येतो, फी वगैरे काही नको. पार्सल आलंच तर आईनं परत पाठवायचं, कुरिअरवाल्याला घेणार नाही म्हटलं की संपलं.

तालमीतला_गडी | गुरुवार, सकाळी ७.०५

लेका ५.१ म्हंजे डॉक्टर म्हणल्यालं तेवढंच की रं. तुझी केस सिरीयस न्हाई, त्यो फोनवाला हरामखोर हाय. बाकड्यावर वळखीचं कोन दिसू दे न्हाईतर न दिसू दे, मी येतो संगट, दोघं बसू. मला बी खरूज झालीया म्हणून सांगतो काकूस्नी.

युरो_करवीर | गुरुवार, दुपारी २.१५

नाव नको म्हणणाऱ्या मित्रा, आज चाचणी नाही, औषध नाही, आधी ती भाजलेली कातडी. तिथं जंतुसंसर्ग झाला तर पुढची कातडी मागे-पुढे होताना चिकटू शकते, म्हणून थांबू नकोस, लघवीला दुखतंय म्हणतोस तर नक्कीच थांबू नकोस.

वरून बघितलं की लहानच दिसतं, सगळ्यांनाच, कारण आपण उभं राहून खाली बघतो तेव्हा लांबी दुमडल्यासारखी कमी दिसते, पोट मधे येतं. समोरच्याचं मात्र बाजूनं दिसतं. आरशात बाजूनं बघ, फरक कळेल. मोजमाप रोज दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे होतंच, थंडी, थकवा, उत्तेजना किती आली यावर ते अवलंबून आहे. ती पट्टी कपाटात ठेव.

आणि हे जे रोज बघणं, रोज मोजणं, कामात लक्ष न लागणं आहे त्याच्यावर उपाय आहे आणि तो खाली नाही, मनाशी बोलण्यात आहे. लहान वाटतं म्हणून डॉक्टरकडे गेलेल्या एकूण ११९२ पुरुषांवरचे १७ अभ्यास एकत्र करून २०१९ च्या सुमारास एक आढावा प्रसिद्ध झाला, त्यात असं दिसलं की नीट समुपदेशन मिळालेल्यांपैकी बहुतेकांना आपलं नॉर्मल आहे हे पटलं आणि पुढचे उपचार त्यांनी स्वतःहून नको म्हटले. माझा अनुभवही तोच आहे, वीस मिनिटं दार लावून बोललं की माणूस बाहेर जाताना वेगळा चालतो. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत, नाव सांगायची सक्ती नाही.

धागा वाचणाऱ्या चाळिशीच्या पुढच्या मंडळींसाठी जाता जाता: लांबीची नाही पण ताठरपणा कमी झाल्याची तक्रार असेल तर तेल शोधू नका, साखर, बीपी, कोलेस्टेरॉल तपासा. तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात म्हणून कचरा आधी तिथं जाणवतो, हृदयाचं दुखणं पुष्कळदा त्यानंतर दोन-चार वर्षांनी येतं. तंबाखू-मावा चालू असेल तर तोही सोडा.

पन्हाळा_९० | गुरुवार, संध्याकाळी ७.३०

डॉक्टर, पाच महिन्यांत माझं सात किलो वजन कमी झालंय. आज हाडापर्यंत दाबून मोजलं. आधी होतं तेवढंच असणार असं आता वाटतंय. गाठ वगैरे नाही पण एका जागी थोडं दुखतं, तुमच्याकडे दाखवायला येतो. व्यायाम बंद केला.

नाव_नको_भावा | शुक्रवार, रात्री ९.१२

आज जाऊन आलो. तालमीतले दादा खरंच आले होते, बसस्टँडजवळ भेटलो, आधी मिसळ खायला घातली मग दवाखान्यात. डॉक्टरीणबाई होत्या, मला वाटलं आता मेलो, पण त्यांनी इतक्या साधेपणानं विचारलं जसं हाताला भाजलंय. केमिकलनं भाजलंय म्हणाल्या, सात दिवसांच्या गोळ्या आणि मलम, दोन-तीन आठवड्यांत कातडी भरून येईल, डाग काही दिवस राहील. लग्नाला काही अडचण नाही म्हणाल्या. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी सांगितलं.

१९३० ला फोन केला, तक्रार नंबर मिळालाय. वकील साहेबांना मेसेजमध्ये पाठवलाय. आईला अजून सांगितलं नाही, धाकट्या मामाला सांगितलं, तो काहीच बोलला नाही नुसता पाठीवर हात ठेवून बसला. काका ती बाटली तुमच्याच काउंटरवर राहिली होती ना?

काउंटरवाला_राजारामपुरी | शुक्रवार, रात्री ९.४०

माझ्याकडेच आहे बाळा. कॅरीबॅगमध्ये घालून, वर तारीख लिहून, ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवलीय. अन्न व औषध प्रशासनाच्या तक्रारीचा अर्ज मी लिहायला घेतलाय, तुझं नाव न घालता, दुकानात मिळालेली वस्तू म्हणून माझ्या नावानं देतो. ज्या पाकिटातनं पार्सल आलं ते टाकून दिलं नसशील तर घेऊन ये, त्यावर पाठवणाऱ्याचा काहीतरी कोड असतो. उद्या दुपारी तीन ते चार दुकानात गर्दी नसते. डॉक्टरीणबाईंनी दिलेली चिठ्ठी पण आण, मलम बघून देतो.